अकरावा दोघांनी ठरवायचा

रविवार, १७ ऑगस्ट २००८. जव्हारचं कब्रस्तान, दुपारची नमाज झाल्यावर. हजर : युनूसचे दोघे थोरले भाऊ, नाशिकहून मयतासोबत आलेला त्याचा मेहुणा, एसटी स्टँडवरचे सात-आठ दुकानदार, मोखाड्याहून आमच्या पंचायत समितीतले तिघे आणि मी. उशिरा पोहोचलेले : जामसरचे चौघे. त्यांचे दाखल्यांचे अर्ज युनूस वर्षानुवर्षं टाइप करून देत असे. त्यांची जीप वाटेत चिखलात रुतली होती. ते आले तेव्हा माती देऊन झाली होती. त्यांनी तिथेच चपला काढल्या आणि नुसते उभे राहिले... ही यादी मी त्याच संध्याकाळी डायरीत लिहिली. बायको म्हणाली, "अहो, गेलेल्या माणसाची कसली हजेरी घेता?" खरं होतं तिचं. पण मला दुसरं काही करता येत नव्हतं.

युनूस आणि मी जव्हारच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी मोखाड्याला आस्थापना लिपिक झालो. शिक्षक आणि ग्रामसेवक यांच्या नेमणुका, रजा, बदल्या यांचे कागद माझ्या टेबलावर. राहायला मात्र जव्हारलाच, रोज एसटीने जाऊन-येऊन. त्याच्या घरचा कापडाचा धंदा भावांनी सांभाळला. याने स्टँडसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि एक जुना कॉम्प्युटर आणला. त्याच्या भाच्याने भिवंडीहून एक सीडी आणली, तेव्हा आम्ही दोघेही चाळिशीकडे झुकलो होतो. फुटबॉल संघाचा मॅनेजर व्हायचा खेळ होता तो. आम्ही दोघांनी जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नव्हता. आमच्याकडे खो-खो आणि कबड्डी. पण या खेळात पाय लागतच नव्हते. मैदानही दिसत नव्हतं. खेळाडूंची नावं, त्यांचे गुण, कोण कुठे उभा राहणार, कोण पुढे धावणार, एवढं ठरवायचं आणि सामना सुरू करायचा. मग पडद्यावर इंग्रजीतून एकेक ओळ यायची आणि युनूस ती वाचून दाखवायचा, स्वतःची भर घालून. परदेशी नावं त्याला उच्चारता येत नसत, म्हणून त्याने प्रत्येकाचं बारसं केलं होतं. डावीकडचा संथ बचावपटू म्हणजे 'मोखाडा लोकल'. पुढच्या फळीतला देखणा, पण कधीच जागेवर न सापडणारा तो 'तहसीलदार'. "तहसीलदार आज हजर आहेत, चेंडू पुढे सरकवला... नाही, नाही, साहेब दौऱ्यावर!" असं तो ओरडला की समोरचा चहावाला किटली घेऊन आत यायचा.

पहिल्या मोसमात आम्ही सपाटून मार खाल्ला. युनूसला सगळे पुढे हवेत. बचावपटूसुद्धा धावत सुटलेले. एका रविवारी पाच गोल खाल्ल्यावर मी म्हणालो, "अरे, सगळे गडी आवणीला उतरवलेस, बांध कोण बघणार?" माझे वडील जामसरला भातशेती करत, मला तेच सुचलं. तो म्हणाला, "आणि तू सगळे बांधावर बसवून ठेव. भात काय बेडूक लावणार?" दोघांचंही खरं होतं. माझा संघ हरत नसे, पण जिंकतही नसे.

मग मी कचेरीत करतो ते केलं. आखीव कागद घेतला. अकरा पदं लिहिली आणि प्रत्येकापुढे एक रकाना : हा पुढे गेला तर याचा कार्यभार कोणाकडे? डावा बचावपटू वर गेला की त्याच्या पुढच्याने मागे थांबायचं. मधल्या दोघांपैकी एकानेच हल्ल्यात जायचं, दुसऱ्याने जागा सोडायची नाही. तहसीलदारावर कसलाच कार्यभार ठेवायचा नाही, कारण तो सांभाळणार नाही. त्याच्या मागे दोन कष्टाळू माणसं द्यायची. युनूसने कागद बराच वेळ पाहिला. "म्हणजे पुढे जायला बंदी नाही. चार्ज देऊन जायचं." "हो." "हे तू पाच गोल खायच्या आधी नाही का सांगायचंस, क्लार्कसाहेब?" त्यानंतर कोणी जागा सोडून धावला की तो पडद्याला दम भरायचा, "चार्ज दिला का रे?"

त्याच दिवशी आमचा दुसरा नियमही ठरला. पाच नावं त्याची, पाच माझी, आणि अकरावा दोघांनी मिळून ठरवायचा. अकराव्यावर एकमत झाल्याशिवाय सामना सुरू करायचा नाही. या एका नावावर आमच्या रविवारच्या दुपारी जात. तो हल्ल्याचा माणूस मागायचा, मी राखणीचा. बोलता बोलता घरातलं निघायचं, त्याच्या मुलीचं, शबानाचं कॉलेज, माझ्या आईचं आजारपण. लाइट गेली तर अंधारात वाद पुढे चालू. आता वाटतं, सामना हे निमित्तच होतं.

या वर्षी जूनमध्ये त्याच्या मूत्रपिंडाचं दुखणं बळावलं आणि त्याला नाशिकला न्यायचं ठरलं. मोसमाचे चार सामने उरले होते आणि आम्ही पहिल्यांदाच अजिंक्यपदाच्या जवळ होतो. जीपमध्ये बसताना त्याने मला बोलावलं. "दुकानाचा चार्ज शबानाला दिलाय. घराचा तुझ्या भाभीला. संघाचा कोणालाच दिलेला नाही. मी येईपर्यंत थांब." मी हो म्हणालो.

मी थांबलो नाही.

कारण लिहितो, समर्थन नाही. जुलैत भाभींचा फोन आला, तो जेवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. मला वाटलं, आनंदाची एखादी बातमी द्यावी. रविवारी दुकानात जाऊन मी चारही सामने एकट्याने खेळलो. त्याची पाच नावं ठेवली, माझी पाच ठेवली, अकरावा मी लिहून टाकला. राखणीचा. दोन सामने एक-शून्यने जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि एका गुणाने आम्ही अजिंक्य ठरलो. प्रत्येक सामन्यानंतर जुन्यावर नवं जतन करत गेलो. मागे जायला वाट ठेवली नाही. आणि लगेच नाशिकला फोन लावला. "युनूस, जिंकलो! तुझ्यावाचून काही अडलं नाही. तू निवांत बरा हो."

हे वाक्य मी पंचवीस वर्षं बोलत आलोय. आजारी शिक्षक रजा वाढवायला बिचकतो, बाळंतपणाला गेलेली ग्रामसेविका काळजी करते, त्यांना आम्ही हेच सांगतो : काम अडलेलं नाही, निवांत बरे व्हा. ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. युनूसने मात्र विचारलं, "अकरावा कोण घेतलास?" मी नाव सांगितलं. "हां..." एवढंच म्हणाला आणि फोन भाभींकडे दिला.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून नाशिकला गेलो. तो फार सुकला होता. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकलेलं. मला पाहून हसला. "जिंकून आलास आणि तोंड निलंबित माणसासारखं?" मी म्हणालो, "चुकलो रे. तुझ्याशिवाय खेळायला नको होतं." तो म्हणाला, "खेळलास त्याचं काही नाही. पण इथे पडून मी रोज हेच मोजतोय, कुठे कुठे माझ्यावाचून अडतं. दुकान शबाना चालवते. घर चालतंय. भाऊ आहेत. म्हटलं, एक तरी जागा आहे..." मी त्याचे पाय दाबत बसलो.

निघताना त्याने हात धरला. "नव्या मोसमातल्या पहिल्या सामन्याचा अकरावा माझा. तू तोंड उघडायचं नाहीस." "कबूल. कोण?" "घरी येऊन सांगतो. आत्ता सांगितलं तर जव्हारपर्यंत एसटीत त्याची कुंडली काढत बसशील." तेव्हा मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून उठलो... त्यानंतर तो मला दिसला तो पांढऱ्या कापडातच.

दुकानात आता शबाना बसते. बापासारखीच भराभर टाइप करते. रोजे सुरू आहेत, तरी मी गेलो की समोरून माझ्यापुरता चहा मागवते. नाही म्हटलेलं तिला चालत नाही. पहिल्याच रविवारी तिने सांगितलं, "काका, कॉम्प्युटर भरलाय, हळू चालतो. ते फुटबॉलचं काढून द्या ना." तिचं म्हणणं रास्त आहे, लोकांचे अर्ज खोळंबतात. पाच मिनिटांचं काम. डायरीत लिहिलंय, आणि पाच आठवडे ते पुढच्या पानावर ढकललंय. माझ्या डायरीत असं कधी झालेलं नाही.

काढायचं तर तो एक सामना खेळून काढायचा, असं मी ठरवलंय. त्याची पाच नावं मला पाठ आहेत. माझी पाच भरायला वेळ लागत नाही. अकराव्यासाठी चार माणसं उरतात. चौघांचे गुण मी कागदावर मांडले, एकेकाला त्याच्या नजरेने पाहायचा प्रयत्न केला. हा धावणारा, हा बेभरवशाचा, हा त्याला आवडला असता, हा त्याने मला चिडवायला घेतला असता. चारही नावं त्याची वाटतात. एकही खात्रीने त्याचं वाटत नाही. आणि स्वतः ठरवून टाकण्याचा अधिकार मी जुलैत वापरून बसलोय.

आज दुपारीही तासभर तसाच बसलो होतो. बाहेर दाखल्यासाठी माणसं उभी होती. शबानाने काउंटरवरून विचारलं, "काका, झालं का?"

म्हटलं, "एक नाव राहिलंय."