शोभा साळवे आणि माझ्या केबिनमधला प्रिंटर

शोभा साळवे मॅडम प्रिंटरना गावांची नावं देत. कार्यालयातला वाटूर, ग्रंथालयातला शहागड, मोठ्या लॅबमधला टेंभुर्णी. प्राध्यापक मंडळी हसायची. त्या म्हणायच्या, "हसा. पण कागद कुठं गेला ते बराबर कळतंय ना? मंग झालं."

जालना जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात मी प्राचार्य होतो आणि त्या संगणक विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर. वाटूरच्या एका शिक्षकाची मुलगी. विनयाचं त्यांना वावडं होतं. "हे काम माझ्यासारखं जिल्ह्यात कोणी करत न्हाई," असं त्या तोंडावर सांगायच्या, आणि ते खरं होतं.

नवे संगणक आले तेव्हा एकेकापाशी बसत राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. सर्व्हरवरून सगळ्यांवर एकदम सगळे प्रोग्रॅम चढणार, आणि शेवटी प्रत्येक मशीन स्वतःचं नाव पाहून आपल्या खोलीतला प्रिंटर आपणच जोडून घेणार. "प्रिंटर माणसाला नका देऊ, मशीनला द्या. पोरं बदलतात, खोली जागेवर राहते."

त्याला थोडे दिवस लागणार होते आणि संस्थेच्या सचिवांना उद्घाटनाची घाई होती. आमच्याकडे नारळ साहेबाच्या टेबलापाशी फुटतो. त्यामुळे पहिलं मशीन माझ्या केबिनमध्ये सुरू झालं. मी मॅडमना म्हणालो, "पूजा झालेलं मशीन आहे. याचीच नक्कल सगळीकडे टाका."

"सर, नारळ तुमच्याकडं फोडा, नमुना तुमचा नका घेऊ. याला तुमचा प्रिंटर चिकटलेला हाय."

"प्राचार्य मी आहे की तुम्ही?"

"तुम्हीच. म्हणून तर आधी सांगून राह्यले."

मी ऐकलं नाही. माझ्याच मशीनची नक्कल सगळीकडे गेली.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक लॅबमध्ये बसले होते. मुलं प्रिंट देत होती आणि टेंभुर्णी गप्प. कागद खाली माझ्या केबिनमध्ये पडत होते. शिपाई नामदेव गठ्ठा उचलत म्हणाला, "सर, आज सगळी पोरं तुमच्याकडंच पेपर देऊन राह्यली."

परीक्षक चिडले. सचिवांनी सर्वांसमोर विचारलं, हे कोणी केलं? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "संगणकाचं काम साळवे मॅडमकडे आहे." वाक्य खोटं नव्हतं, मी त्याच्याआड लपलो. त्या कायम होणार होत्या, ते राहून गेलं.

त्यांनी वाद घातला नाही. रविवारी येऊन सगळ्या मशीनवरची ती नक्कल पुसली आणि मशीनं आपल्या पद्धतीनं पुन्हा लावली. संध्याकाळी लॅबमधल्या प्रत्येक मशीनवरून एकेक पान सोडलं. टेंभुर्णीतून पानं निघत राहिली, माझ्या केबिनमध्ये एकही आलं नाही. "बसा की सर खुर्चीवर," त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता कोणी त्रास द्यायला येत न्हाई." पुढे इतर महाविद्यालयांतली माणसं ती व्यवस्था शिकायला आली. मी त्यांना छाती फुगवून सांगायचो, या आमच्या मॅडम.

नंतर त्यांना संभाजीनगरच्या एका मोठ्या रुग्णालयात संगणक विभागाच्या प्रमुखाची जागा मिळाली. निरोपाच्या भाषणात मी त्यांचं खूप कौतुक केलं. व्यासपीठावरून उतरताना त्या हळूच म्हणाल्या, "सर, कौतुक पुष्कळ झालं. तेवढी चूक माझ्या नावावरून काढा." मी मान डोलावली आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेलो.

सचिव आता हयात नाहीत, पण त्या दिवशी लॅबमध्ये असलेले बरेच जण आहेत. ते हे वाचतील. त्या एका चुकीपुरतं माझं नाव लिहावं. बाकी सगळं काम शोभा साळवे यांचं.