डब्यातल्या बांगड्या

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं. वही कुणाच्या हाती लागली तर माफ करावं, चौथीच शिकले आहे.

आज नातीने मोबाइलवर मल्याळी सिनेमा लावला आणि पूर्वी शेजारी राहणाऱ्या, दवाखान्यातल्या केरळच्या सिस्टरांचं घर आठवलं. खोबरेल तेलाच्या वासात मी आणि सासूबाई त्यांच्या टीव्हीसमोर बसलो होतो. भाषा कळत नव्हती. ना गाणं, ना मारामारी. सिनेमातली एक बाई कोळंबी सोलायला जायची. शेडच्या दारात बांगड्या उतरवून डब्यात ठेवायची, घर जवळ आलं की परत घालायची.

आमच्या द्राक्षांच्या पॅकिंगलाही बांगड्या चालत नसत आणि मीही रोज तेच करायचे. सवाष्णीचे उघडे हात सासूबाईंना खपत नसत. कळलं असतं तर काम सुटलं असतं.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "तू बी असंच करती का गं?"

मी हो म्हणून मान हलवली. मला वर्षभर जे सांगता आलं नाही, ते त्या बाईनं सांगून टाकलं, असं आता वाटतं.

सासूबाई पुन्हा टीव्हीकडे बघायला लागल्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "डब्यात फुटतील ना. चिंधीत गुंडाळत जा."