दाजींची नदी

बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस म्हणतात, तसे माझे दाजी बारा देशांचं पाणी प्यायले आहेत. फक्त ते सगळं पाणी स्वयंपाकघराच्या नळाचं होतं. आपली मंडळी परदेशात सहलीला गेली की तिसऱ्याच दिवशी त्यांना घरच्या जेवणाची आठवण येते, म्हणून सहल कंपनी आचारी बरोबरच नेते. दाजी आचारी आणि मी, त्यांचा मेहुणा, त्यांच्या हाताखाली. मंडळी किल्ले, राजवाडे बघतात, आम्ही हॉटेलचं मागचं दार बघतो. कणीक मळायची, डबे भरायचे, आणि फोडणी द्यायची ती शेगडी मागच्या अंगणात नेऊन. कारण आत धूर झाला की छताचा भोंगा बोंबलतो आणि अख्खं हॉटेल अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर येतं. दाजींनी एकदा हा पराक्रम केलेला आहे.

सहल लांबलचक असते, त्यामुळे मधोमध दरवर्षी त्याच एका गावात विश्रांतीचा दिवस ठेवतात. त्या दिवशी बस नाही, घाई नाही. मंडळींनी उशिरा उठावं, गल्लीबोळांतून भटकावं, तिथले लोक कसे राहतात ते बघावं, दुपारी बाहेरच काहीतरी खावं. म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत दाजी मोकळे. पण दाजी त्या दिवशी पुढच्या प्रवासाचे मसाले भाजून कुटायचे, करपलेली पातेली घासायचे आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसून लसूण सोलायचे. मी दरवर्षी म्हणायचो, "दाजी, चला की, जरा चक्कर मारून येऊ." ते म्हणायचे, "पुढच्या खेपेला." त्यांच्या पुढच्या खेपेवर माझा कधीच विश्वास नव्हता.

घरी माझी ताई. सासूचं आजारपण, पोरांच्या शाळा, यात तिचं आयुष्य गेलं. दाजी परत आले की पहिल्या दिवशी ती काही विचारायची नाही, त्यांचे तेलकट कपडे भिजवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाचे कप घेऊन समोर बसायची आणि म्हणायची, "हं, सांगा आता."

मग दाजी सुटायचे. जेवण वाढताना मंडळींच्या बोलण्यातलं जे जे कानावर पडलं असेल, ते सगळं तिखटमीठ लावून बाहेर यायचं. त्या विश्रांतीच्या गावात एक नदी आहे. नदीवर दगडी पूल आहे. पुलापाशी बाक आहे आणि जवळच एक म्हातारा डोळे मिटून बाजा वाजवत असतो. "त्या दिवशी मी तिथं जाऊन बसतो," दाजी सांगायचे, "आणि तुझी आठवण काढतो." यातली आठवण तेवढी खरी होती, ती पायरीवर बसून निघायची. मी शेजारी मुकाट्याने चहा प्यायचो. ताईला सगळं बारीकसारीक हवं असायचं. बाकाला पाठ आहे का? म्हातारा जेवतो कुठे? पुढच्या वर्षी ती हटकून विचारायची, "यंदा रंग दिला का हो बाकाला?" आणि दाजी रंगही सांगायचे.

मग ताईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तोही फार उशिरा. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकेल तितकी टिकेल. बाजूचं तिला दिसेनासं झालंच होतं, समोरचं नळीतून बघावं तसं दिसायचं.  तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "मला ती नदी बघायची आहे. मग जाऊ देत डोळे."

नेमकी त्या वर्षी सहलीत एक जागा रिकामी राहिली आणि कंपनीने ती दाजींच्या बायकोला दिली. ही बातमी ऐकताना दाजींच्या हातातली पळी तशीच राहिली. मी त्यांना बाजूला घेतलं. "दाजी, ताईला खरं सांगून टाका."

"काय सांगू? नदी आहे रे. मंडळी दरवर्षी बोलतात की. आपण बघितली नाही इतकंच." त्यांना मनापासून तसं वाटत होतं. मलाही वाटत होतं, म्हणून मी पुढे बोललो नाही.

विश्रांतीच्या दिवशी ताई ठेवणीतली साडी नेसून तयार झाली. मला म्हणाली, "तूही चल, मला दोन्हीकडून धरायला माणूस लागतं." दाजी पुढे निघाले ते आमच्या मागच्या दारातून. त्यांना रस्ता तेवढाच माहीत होता. कचऱ्याचे डबे, भाजीची वखार, बर्फाचा कारखाना. तिथून पुढे त्यांचं सगळं ज्ञान संपलं. आम्ही चढावर गेलो, उतारावर गेलो, एकाच चौकात दोनदा आलो. ताई मान वळवून वळवून नळीतून बघत होती. "पाण्याचा आवाज येत नाही हो अजून," ती म्हणाली.

शेवटी दाजी एका पावाच्या दुकानात शिरले. भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी हाताने पाण्याच्या लाटा करून दाखवल्या. दुकानदारीणबाईंनी हसून पाण्याची बाटली दिली. दाजींनी दोन्ही हातांची कमान करून पूल दाखवला, खालून पुन्हा लाटा नेल्या. बाईंना कळलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, काउंटरवर बिस्किटांची पाकिटं ठेवून त्यांची रांग मांडली, पहिल्यावर बोट ठेवून म्हणजे हे गाव असं खुणावलं आणि शेवटच्या पाकिटावर लाटा केल्या. नदी होती, पण कुठल्यातरी दुसऱ्याच गावात. मंडळींच्या गप्पांतून दाजींनी तीन-चार गावं एकाच पातेल्यात शिजवली होती.

ताईला हातवारे नीट दिसले नसतील असं मला वाटलं होतं. पण त्या बाई अगदी तिच्या समोर उभ्या होत्या. ती म्हणाली, "दमले मी. चला परत."

मागच्या दाराशी आल्यावर तिने विचारलं, "मग तुम्ही बसायचात कुठं?"

दाजींनी तिला पायरीवर बसवलं. "इथंच."

ताईने हाताने पायरी चाचपली. समोर धुराच्या नळाने काळी झालेली भिंत होती. तिच्याकडे ती बराच वेळ बघत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. मला दाजींचा राग आला होता, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "लसूण आणा, सोलू लागते."

पुढची सहल निघेपर्यंत तिची नजर पूर्ण गेली. त्या वर्षी दाजींनी विश्रांतीच्या दिवशी मसाल्याला हात लावला नाही, सगळं माझ्या गळ्यात टाकून ते सकाळीच एकटे बाहेर पडले. दिवसभर भटकले. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बसले, वाळत घातलेल्या चादरींच्या गल्लीतून फिरले, एका पारावरच्या म्हाताऱ्यांबरोबर सोंगट्यांचा डाव बघितला, आणि त्यांच्यातल्या एकाने दिलेलं सफरचंद खाल्लं. परतल्यावर मलाच दोनदा सगळं म्हणून दाखवलं, विसरायला नको म्हणून. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

घरी दुसऱ्या दिवशी दुपारी चहा दाजींनीच केला. कप ताईच्या हातात नीट धरवला. या वेळी तिने विचारलं नाही, तरी दाजींनी सांगायला सुरुवात केली. छत्रीवाला, चादरी, सोंगट्यांचा डाव, सफरचंद, सगळं जसंच्या तसं, एक शब्द पदरचा न घालता. ताईने पूर्ण ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "आधी तुम्ही छान सांगायचात."



"मला आता काय, खरं आणि खोटं सारखंच दिसतं," ताई म्हणाली. "नदीचं सांगा ना. बाकाला यंदा कुठला रंग दिलाय?"

दाजींनी तोंड उघडलं. कप हातात धरून ती वाट बघत होती. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हिरवा म्हणा, निळा म्हणा, काहीतरी म्हणा. पण दाजींना ते काही केल्या जमलं नाही. ताईने थोडा वेळ वाट बघितली आणि चहा गार झाला म्हणून कप खाली ठेवला.