नंदूनं श्रावण पाळला तेव्हा

“दारूनं नाही, दारू एकदम बंद केल्यानं झालंय हे,” डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझा दीर नंदू समोरच्या खाटेवर होता. दोन्ही हात बँडेजनं खाटेला सैलसर बांधलेले, अंगातून घामाच्या धारा, डोळे छताला लागलेले. “वयनी, पानी आलं गो! मीठ भिजंल, मीठ उचला!” असं तो ओरडत होता. आमच्या जूचंद्रच्या घरात आता मीठ डब्यातच असतं. मिठागरावर जायचे ते माझे सासरे, आणि तेव्हा नंदू शाळेतही जात नव्हता.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं, अल्कोहोल विथड्रॉवल. म्हणजे रोजच्या दारूची सवय झालेल्या शरीराला ती अचानक मिळाली नाही की मेंदू बिथरतो. हात थरथरतात, झोप उडते, काहींना फिट येते. त्याची पुढची पायरी डिलिरियम ट्रेमेन्स. त्यात माणसाला नसलेलं दिसतं, आपण कुठे आहोत ते कळत नाही, आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर जीवही जातो.

“शेवटची कधी घेतली?”

“गटारीला. आज तिसरा दिवस,” मी म्हणाले. “श्रावण पाळलाय त्यानं.”

हे सांगताना माझ्या आवाजात चक्क अभिमान होता. आठवलं की आजही लाज वाटते.

ज्यांच्या घरी कुणीतरी ‘घेतं’, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडेही ‘पितो’ म्हणत नसत, ‘घेतो’ म्हणत. जसं काही औषधच. मी लग्न होऊन आले तेव्हा नंदू सातवीत होता आणि घरात सासू नव्हती. तो माझ्या हातचं खाऊन मोठा झाला. पुढे प्लंबिंग शिकला, नायगावच्या नव्या इमारतींमध्ये कामं घेऊ लागला. लग्नाचं नाव काढलं की पळायचा. आधी संध्याकाळी घ्यायचा, मग दुपारी, मग सकाळी कामावर निघण्याआधी. पण दरवर्षी श्रावण पाळायचा. जो महिनाभर सोडू शकतो तो दारुडा कसा? या एका वाक्यावर आमच्या घरानं कितीतरी वर्षं काढली.

त्या वर्षी मी त्याला माझ्या गळ्याची शपथ घातली. श्रावण लागला की सोडायची आणि गणपती गेले तरी पुन्हा धरायची नाही. त्यानं मान खाली घालून शपथ घेतली.

मागची दोन वर्षं तो कसा श्रावण पाळत होता, ते त्यानं नंतर सांगितलं. पाने-पकडांच्या पिशवीत बाटली असायची, सकाळी दोन घोट, दुपारी दोन. या वेळी माझी शपथ होती म्हणून त्यानं तो खराखुरा पाळला, आणि मरता मरता वाचला.

पहिल्या दिवशी त्याच्या हातातला कप बशीवर वाजत होता. मी म्हटलं, सवय सुटतेय तर त्रास होणारच. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. मी म्हटलं, होईल सवय. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याला घरात खाडीचं पाणी शिरताना दिसायला लागलं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे, नारळ उतरवून टाका. मी उतरवलाही. तोवर आमचे हे रिक्षा घेऊन आले म्हणून बरं.

दवाखान्यात पाच दिवस गेले. एलएफटी म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट झाली, यकृत किती शाबूत आहे ते बघायला. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे यकृतावर चरबी. सलाइनमधून थायमिन द्यायचे. हे एक जीवनसत्त्व आहे, दारू पिणाऱ्यांच्या अंगात ते उरतच नाही म्हणे. मेंदू शांत करणारं औषध रोज थोडं थोडं कमी करत होते. मी बाहेरच्या बाकावर बसून प्रत्येक नर्सच्या तोंडाकडे बघायची.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं मला ओळखलं. “वयनी, हात कोनी बांधले माझे?”

“मीच,” मी म्हटलं. “लहानपणीच बांधायला हवे होते.”

तो हसला. मी डबा धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि पोटभर रडले.

घरी सोडताना डॉक्टर त्याला म्हणाले, “यापुढे सोडायची असेल तर आम्हाला सांगून सोडा. घेतलीत तरी सांगा. लपवून घेणं आणि लपवून सोडणं, दोन्ही सारखंच धोक्याचं.” नंदूनं नंदीबैलासारखी मान हलवली. मी ओळखून होते, हा सांगणाऱ्यातला नाही. तो पुन्हा घेईल याची मला तितकी भीती नव्हती. घेईल, लाजेनं लपवेल, आणि मग एखाद्या दिवशी पुन्हा कुणाला न सांगता एकदम बंद करेल, याची होती.

कुणाशी बोलावं कळेना. म्हणून फोन नंबर शोधायला लागले.

पहिला नंबर रिक्षाच्या मागे चिकटवलेला होता. पलीकडचा माणूस म्हणाला, “पेशंटला काही सांगू नका. चार जण पाठवतो, झोपेत उचलून नेतो.” मी फोन ठेवला. माझा दीर आहे तो, भंगार नव्हे. दुसरा नंबर व्हॉट्सॲपवर आला होता. तो लागला एका निवृत्त मास्तरांना. “बाई, रोज कुणी ना कुणी दारू सोडवायला मलाच फोन करतं,” ते म्हणाले. “असंच चाललं तर मीच प्यायला लागेन एक दिवस.” त्या दिवसांत मला हसवलं ते फक्त त्यांनी.

तिसरा नंबर मिळाला तो तपासणीला गेलो तेव्हा, ओपीडीच्या भिंतीवर. सरकारी हेल्पलाइन. भाषेसाठी आकडा दाबा म्हणे. आकडा दाबायला फोन कानापासून काढावा तर बाई पुढचं बोलून मोकळी, कानाला लावावा तर पडदा काळा. दोनदा मला हिंदीत पाठवलं. शेवटी स्पीकरवर टाकून जमलं, तेही घरात कुणी नसताना.

“माझ्या शेजारणीच्या दिराबद्दल विचारायचं होतं,” मी म्हणाले.

पलीकडे तरुण मुलीचा आवाज होता. ती कौन्सेलर, म्हणजे समुपदेशक, ऐकून घेऊन वाट दाखवणारी. तिनं सगळं विचारलं आणि मी शेजारणीचं म्हणून सगळं सांगितलं. शपथेचंही. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

“ताई,” ती शेवटी म्हणाली, “तुमची शेजारीण वेळेवर जेवते का?”

मला हुंदकाच फुटला. “मीच आहे ती.”

“वाटलंच होतं मला,” ती म्हणाली, आणि मी थांबेपर्यंत फोन धरून राहिली.

मग तिनं शांतपणे समजावलं. हा आजार आहे, खोड नाही. शपथेनं आजार जात नाही. शपथ मोडली की माणूस घरच्यांना तोंड दाखवत नाही, एवढंच होतं. त्याला सांगा, घेतलीस तरी मला सांग. माणिकपूरला मानसोपचारतज्ज्ञ कधी बसतात, सोडू बघणारी माणसं एकत्र बसून बोलतात ती बैठक कुठे शोधायची, तेही तिनंच सांगितलं. आणि नंदूला बोलायचं असेल तर त्यानं स्वतः फोन करावा, आपण ढकलू नये.

मी सरळ नंदूकडे गेले. तो मोरीचा नळ खोलून बसला होता.

“नंदू, शपथ सुटली,” मी म्हणाले.

लहान मुलं खेळताना म्हणतात तसंच म्हणाले मी. पण त्याचा चेहरा पडला. “म्हंजे तू आता मना सोडलंस?”

“तुला नाही रे बाबा, शपथेला सोडलं. आता तू चुकलास तर मला काही होणार नाही. म्हणून चुकलास तरी मला सांगायचं.”

तो बराच वेळ नळ आवळत बसला.

पुढे माणिकपूरचे डॉक्टर, गोळ्या, बैठका हे सुरू झालं. हेल्पलाइनला मी अधूनमधून फोन करते. दर वेळी आवाज वेगळा असतो, त्या मुलीचा पुन्हा मिळाला नाही. ती जिथे असेल तिथे सुखात असो. नंबर मी इथे देत नाही. नंबर बदलतात आणि चुकीचा दिला तर मास्तरांसारखा कुणाला तरी ताप. सरकारी दवाखान्यात विचारा, लाजू नका, शेजारणीसाठी म्हणून विचारलंत तरी चालेल. पण ‘उचलून नेतो’ म्हणणाऱ्याला पेशंट देऊ नका. आणि रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांना विचारल्याशिवाय एका दिवसात बंद करू नका, देवाच्या नावानंसुद्धा नाही.

नंदूनं चार महिने घेतली नाही. मग एका दुपारी मी पापलेट साफ करत असताना त्याचा फोन आला.

“वयनी, मी घेतली.”

माझे हात माशानं भरलेले.

“दोन पेग. माणिकपूरला रिक्षास्टँडवर हाय. डॉक्टरचा दवाखाना समोरच दिसतंय, पन एकल्याला जायाला लाज वाटते.”

“तिथंच थांब,” मी म्हणाले. “आले.”

तो दवाखान्याच्या पायरीपर्यंत येऊन बसला होता. तोंडाला वास येत होता आणि डोळे लाल. मी काही विचारलं नाही, हात धरून आत नेलं. डॉक्टरांना त्यानं सगळं स्वतःच सांगितलं, मी नुसती शेजारी बसले होते.

घरी आलो तर आमचे हे दारातच उभे. “घेतलीच ना शेवटी?” ते कपाळाला हात लावून म्हणाले.

“घेतली,” मी म्हणाले. “आणि पहिला फोन मला केला.”