ओढणीची सावली

हर्सूलला गवत कापायची जुनी मशिनं दुरुस्त करणारा एक माणूस आहे. दरवर्षी मी बाबांचं मशीन रिक्षात घालून त्याच्याकडे नेते. नाव मी कधी विचारलं नाही. तोही मला नुसतं ताई म्हणतो.

तो प्लग काढून इंजिनाला टेकवतो, म्हणतो, "ओढणीची सावली धरा, ताई. उन्हात ठिणगी दिसत नाय." मग दोरी ओढतो. मशीन पडून पडून आतल्या ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटला गंज चढलेला असतो. तो घासला की सावलीत निळी ठिणगी पडते. "जान हाय अजून," तो इंजिनालाच सांगितल्यासारखं म्हणतो.

यंदा त्याने मशीन उलटं करून पात्यावरून बोट फिरवलं. बोटाला नुसती धूळ आली.

"लॉन कुठंशी हाय, ताई?"

"बंगला विकला. बाबा गेले, त्यानंतर. आता फ्लॅट आहे."

"आन् मशीन?"

"रविवारी सकाळी चालायचं ते. आवाज ऐकायला आणते."

त्याने मशीन सुलटं केलं आणि दोरी ओढली. एरवी मशीन सुरू झालं की पेट्रोल जळतं म्हणून लगेच बंद करतो. यंदा ते चालूच ठेवून दुकानामागे ढकलत नेलं. तिथं थोडं गवत वाढलेलं होतं.

"धरा. मला तसंबी कापायचंच होतं," म्हणाला आणि चहाला निघून गेला.

मी दांडा धरला. चार पावलांवरच कापलेल्या गवताचा वास आला. जागा लहान होती, म्हणून मी अगदी हळू चालले.