शेवटच्या कडव्याआधी

आज भाच्यानं मोबाईलवर सरकारी चॅनलचा एक जुना कार्यक्रम पाठवला. छोट्या खोलीत पाच-सहा ऐकणारे आणि मधोमध पेटी घेऊन बसलेली माझी आत्या. बघताक्षणी जळक्या तारांचा वास माझ्या नाकात भरला.

तो कार्यक्रम पहिल्यांदा टीव्हीवर लागला, तेव्हा कोल्हारला आम्ही तो आत्याच्याच घरी पाहत होतो. भजन दानियल आतोबांनी रचलेलं, पण पडद्यावर नाव फक्त आत्याचं आलं. आतोबा ताडकन उठले आणि कुऱ्हाड घेऊन आले.

"गानं माझं हाय, अन् नाव हिचं?"

"अहो, शेवटचं कडवं तरी ऐका!" म्हणत आत्या आडवी गेली. त्यांनी तिला केसाला धरून भिरकावलं आणि टीव्हीवर घाव घातला. उडालेल्या काचेनं खाली पडलेल्या आत्याचं मनगट चिरलं, रक्ताची धार लागली, तरी ते घाव घालतच राहिले. त्या हाताची बोटं पुन्हा कधी पेटीवर चालली नाहीत.

रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, हे चर्चसाठी जन्मभर भजनं रचणाऱ्या त्या माणसाला मी सांगायला हवं होतं का?

आज मी पुढचं ऐकलं. आत्या डोळे मिटून, पेटीवर बोटं फिरवत पुन्हा पुन्हा आळवत होती, "दानियल म्हणे... दानियल म्हणे..."