दोन दिवस झाडाला टांगलेली सायकल

सायकल समोर आली की तो आधी दांड्यावर बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान लावायचा. पंक्चर चाकात असलं तरी.

"आतून जंग लागून राह्यला, सिस्टर. रंगावर नका जाऊ."

लोणारच्या बसस्थानकाजवळ कडुनिंबाखाली त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी नर्स, लसीकरणाला चार गावं सायकलवर फिरणारी. मला हवा भरून हवी असे, प्रवचन नको.

त्याचा इलाज ठरलेला. चाकं, सीट काढायची, सांगाड्याच्या पोकळ नळीत कढवलेलं जवसाचं तेल ओतायचं आणि सांगाडा उलटासुलटा फिरवायचा, न्हाऊ घालणारी बाई बाळाला फिरवते तसा. मग दोन दिवस झाडाला टांगायचा. जास्तीचं तेल पायडलजवळच्या भोकातून गळतं, उरलेलं आत सायीसारखं धरतं, मग जंग चढत नाही. सरोवर बघायला आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "या नवसाच्या सायकली का?"

"हाव. चप्पल काढून फोटो घ्या."

पाहुण्याने खरंच काढली.

दोन दिवस सायकल सोडणं मला जमण्यासारखं नव्हतं. निदान मी तसं म्हणत असे.

मग त्याचा खोकला तीन आठवड्यांवर गेला. मी म्हटलं, "काका, दवाखान्यात चला."

"मले काय झालं? धडधाकट आहो."

"रंगावर नका जाऊ."

तो माझ्या सायकलकडे बघत म्हणाला, "तुमी हिले दोन दिवस टांगा, मी येतो."

"हा काय सौदा आहे?"

"काऊन? दोघायले बी आतून पाहून घेऊ."

टांगली. दोन दिवस पायी आणि मिळेल त्या ऑटोने फिरले. तो शब्दाला जागला. डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून बोटाने ठोकलं, तसा तो खूश. "सिस्टर, याले ठोकायचं इलम आहे!" मग डॉक्टरांना हळूच, "आवाज कसा आला?"

आवाज बरा नव्हता. थुंकीत टीबी निघाला.

सहा महिने रोज सकाळी मी दुकानापुढे थांबायची. तो गोळ्या गिळायचा, न सांगता तोंड उघडून दाखवायचा आणि तेवढ्यात माझ्या दांड्यावर ठोकून घ्यायचा. तो बरा झाला. सायकल तर झालीच होती.

पुढे हात थकले तेव्हा तो जालन्याला लेकीकडे गेला. दर मे महिन्यात फोन यायचा. रामराम नाही, काही नाही.

"तेल टाकलं का?"

"खोकला नाही ना, काका?"

"पहिले तेलाचं सांगा."

यंदा मेमध्ये फोन आला नाही. होळीच्या आधी लेकीचा येऊन गेला होता, काका गेल्याचा. म्हातारपण, दुसरं काही नाही.

मीच चाकं, सीट काढली, तेल ओतलं, अंगणातल्या चिंचेला सांगाडा टांगला. शेजारीण म्हणाली, "नवस आहे का?"

"हाव," म्हटलं.

तिसऱ्या दिवशी उतरवून चाकं बसवली. दांड्यावर ठोकलं, कान लावला. काय ऐकायचं असतं, ते त्याने कधी सांगितलंच नव्हतं. लसीकरणाचा वार होता. हवा भरली आणि निघाले.